फादर कसेही असले, तरी मिस्सा खरीच का?



गेल्या काही वर्षांत एक प्रश्न आमच्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येत आहे. कधी परदेशातील एखाद्या धर्मगुरूंच्या गैरवर्तनाची बातमी वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा, कधी व्हॉट्सॲपवर एखादी चित्रफीत फिरू लागते तेव्हा, आणि कधी, हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही, जवळपासच्याच एखाद्या फादरांविषयी कुजबुज सुरू होते तेव्हा. वडीलधारी मंडळी हळू आवाजात विचारतात, "फादर, त्यांनीच आमच्या नातवाला स्नानसंस्कार दिला होता. तो लागू झाला ना?" कोणी विचारते, "त्यांच्यापाशी मी किती वर्षे पापनिवेदन केले. त्या क्षमेचे काय?" तरुण मंडळी आवाज हळू करीत नाहीत. ती सरळ म्हणतात, "ज्यांचे स्वतःचे जीवन असे, त्यांच्या हातून आम्ही कम्युनियन का घ्यावे?"

ख्रिस्तसभेचे उत्तर एका ओळीत सांगता येते. संस्कार खरा आहे. नातवाचा स्नानसंस्कार लागू झाला, पापांची क्षमा मिळाली आणि मिस्सेत प्रभूच आला. परंतु एका ओळीच्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही असा आमचा अनुभव आहे, आणि होऊही नये. कारण ते ऐकताना वाटते की, एका फादरांनी दुसऱ्या फादरांची बाजू सावरून घेतली. म्हणून हे उत्तर आले कोठून आणि ते कोणासाठी दिले गेले, हे जरा निवांतपणे पाहू या.

हा प्रश्न मोबाईलच्या युगातला नाही. सतराशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत, म्हणजे आजच्या ट्युनिशिया आणि अल्जीरिया या देशांत, या प्रश्नावरून ख्रिस्तसभा उभी चिरली गेली. इ. स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियन याने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला. चर्च पाडा, पवित्र ग्रंथ ताब्यात घ्या आणि जाळा, असे फर्मान निघाले. काहींनी ग्रंथ देण्यास नकार दिला आणि ते मारले गेले. काही धर्मगुरू आणि बिशप घाबरले आणि त्यांनी ग्रंथ शिपायांच्या हाती दिले. अशांना लोक लॅटिनमध्ये 'ट्राडिटोर' म्हणू लागले, म्हणजे 'हाती देणारे'. देशद्रोह्याला इंग्रजीत जो 'ट्रेटर' हा शब्द आहे, तो याच शब्दापासून आलेला आहे.

छळ संपला. कार्थेज शहरात कॅसिलियन नावाच्या नव्या बिशपांना दीक्षा देण्यात आली. तेव्हा विरोधक म्हणाले, दीक्षा देणाऱ्या बिशपांपैकी एक 'हाती देणारा' आहे. त्याचे हात विटाळलेले, म्हणून ही दीक्षा खोटी आणि या बिशपांनी पुढे दिलेले सगळे संस्कारही खोटे. (पुढे चौकशीत तो बिशप निर्दोष ठरला. पण चौकशीचा निकाल येईपर्यंत गावे दुभंगलेली होती. असे आजही होते.) या विरोधकांच्या पुढाऱ्याचे नाव डोनाटस, म्हणून त्यांना डोनाटिस्ट म्हणतात. त्यांच्याकडे कोणी कॅथोलिक गेला, तर ते त्याला नव्याने स्नानसंस्कार देत.

त्यांना आपण सहज मोडीत काढू नये. ज्यांचे वडील आणि भाऊ श्रद्धेसाठी मेले, त्यांनी वेदीवर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून म्हणावे की, 'हा तर त्या दिवशी गुडघे टेकून सुटला,' यात कोणती दुष्टाई आहे? आज ज्यांना एखाद्या धर्मगुरूंनी दुखावले आहे, त्यांच्या मनातही हीच आग असते. आगीला आम्ही चूक म्हणत नाही. त्या आगीतून डोनाटिस्टांनी जो निष्कर्ष काढला, तो मात्र चूक होता, आणि ते दाखवून देणारा माणूस होता हिप्पोचा बिशप संत ऑगस्टिन.

ऑगस्टिन यांचा मुद्दा साध्या माणसाच्या बाजूने होता. माणसाचे अंतःकरण देवालाच दिसते. समजा, संस्काराचा खरेपणा धर्मगुरूच्या पावित्र्यावर अवलंबून आहे. मग मला स्नानसंस्कार देणारे फादर त्या सकाळी कृपेच्या स्थितीत होते की नव्हते, हे मला कसे कळणार? ते वरून सज्जन आणि आतून पोखरलेले असतील तर? बरे, ते खरोखरच संत होते असे धरू. परंतु त्यांना दीक्षा देणारे बिशप? आणि त्या बिशपांना दीक्षा देणारे? ही साखळी मागे मागे जाते आणि तिच्यातील एक कडी जरी गुप्त पापाने तुटली, तरी खालचे सगळे अधांतरी लोंबकळते. मग कोणालाही, अगदी डोनाटिस्टांनाही, 'मी ख्रिस्ती आहे' असे खात्रीने म्हणता येणार नाही.

आपल्यापुरता विचार करून पाहा. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांतील पहिला स्नानसंस्कार त्यानंतरच्या काळातला. त्या काळी आलेले सगळेच मिशनरी संत होते, असे कोणताही प्रामाणिक इतिहास म्हणत नाही. आपली श्रद्धा त्यांच्या चारित्र्याच्या दाखल्यावर टांगलेली असती, तर इतक्या पिढ्यांनंतर आपण कोणाकडे दाखला मागायला जाणार होतो?

ऑगस्टिन यांनी शुभवर्तमानातली एक बारीकशी गोष्ट टिपली. येशूचे शिष्य लोकांना बाप्तिस्मा देत असत. त्या शिष्यांत यहूदा इस्कर्योतही होता. यहूदाने ज्यांना बाप्तिस्मा दिला, त्यांना पुढे कोणी नव्याने बाप्तिस्मा दिला नाही. का? कारण हात यहूदाचा असला, तरी बाप्तिस्मा ख्रिस्ताचा होता. पुढे १९६३ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील आपल्या दस्तऐवजात हेच तत्त्व मांडले: कोणीही स्नानसंस्कार देवो, तो देणारा प्रत्यक्ष ख्रिस्तच असतो. सन ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेहून अधिक बिशप या वादासाठी समोरासमोर बसले. निवाडा ऑगस्टिन यांच्या बाजूने लागला. आजचे पोप लिओ चौदावे, जे ८ मे २०२५ रोजी निवडून आले, ते याच ऑगस्टिन यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे आहेत.

ऑगस्टिन यांनी दिलेला एक दाखला आपल्या वाडीवाल्यांना चटकन समजेल. पाणी दगडी पाटातून वाहत वाफ्यांकडे जाते. पाटाच्या दगडात काही उगवत नाही, पण वाफा हिरवा होतो. रहाटाच्या काळात ज्यांनी केळींना नि पानवेलींना पाणी लावले आहे, त्यांना हे सांगायची गरज नाही. आठशे वर्षांनी संत थॉमस अक्वायनस यांनी जवळजवळ असाच दाखला घेतला: नळ चांदीचा असो वा शिशाचा, पाणी वाहते. आणि आणखी एक: वैद्य स्वतः आजारी असला, म्हणून त्याची विद्या आजारी होत नाही.

सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकविले गेले तेव्हा याला एक नाव होते, 'साधन-कारण'. सुतार रंधा मारतो, तेव्हा फळी गुळगुळीत करणारा कोण, सुतार की रंधा? दोघेही, परंतु एकाच अर्थाने नव्हे. काम सुताराचे, रंधा त्याचे साधन. धर्मगुरू हे ख्रिस्ताचे साधन. फरक एवढाच की, रंध्याला मन नसते. धर्मगुरू हे जिवंत साधन आहे, म्हणून त्याच्याकडून एक गोष्ट अपेक्षित आहे: ख्रिस्तसभा जे करते, ते करण्याचा त्याचा हेतू असावा. ट्रेंट परिषदेने १५४७ साली हे स्पष्ट केले. योग्य द्रव्य, योग्य शब्द आणि योग्य हेतू असला, की देणाऱ्याच्या पापामुळे संस्कार पोकळ होत नाही. म्हणूनच नवजात बाळ शेवटच्या घटका मोजत असेल, तर परिचारिकाही, मग ती हिंदू असो वा मुसलमान, त्याच्या डोक्यावर पाणी ओतून आणि ख्रिस्तसभेचे शब्द उच्चारून स्नानसंस्कार देऊ शकते. तिचा हेतू ख्रिस्तसभेचा असला म्हणजे पुरे.

विवाहाविषयीही विचारणा होते, म्हणून जाता जाता सांगतो. आपल्या लॅटिन परंपरेत विवाहसंस्कार फादर देत नाहीत. वधू-वर तो एकमेकांना देतात आणि फादर ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षीला उभे असतात. तेव्हा 'लग्न लावणारे फादर पुढे तसे निघाले' म्हणून कोणाचे लग्न सैल होत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. ती आम्हाला अधिक चक्रावणारी वाटते.

सन २०२० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉईट धर्मप्रांतात एका तरुण धर्मगुरूंनी स्वतःच्या स्नानसंस्काराची जुनी चित्रफीत पाहिली. तीत उपयाजक 'मी तुला स्नानसंस्कार देतो' असे म्हणण्याऐवजी 'आम्ही' असे म्हणत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोमने जाहीर केले होते की, 'आम्ही' म्हणून दिलेला स्नानसंस्कार ग्राह्य नाही. म्हणजे ते धर्मगुरू ख्रिस्ती नव्हते. आणि ख्रिस्ती नव्हते, म्हणून धर्मगुरूही नव्हते. त्यांना त्याच महिन्यात स्नानसंस्कार, दृढीकरण आणि मग गुरुदीक्षा द्यावी लागली. पुढे २०२२ मध्ये फिनिक्स धर्मप्रांतात असेच प्रकरण उघडकीस आले. एक लोकप्रिय फादर वर्षानुवर्षे 'आम्ही' म्हणत आले होते. हजारो लोकांना शोधून पुन्हा स्नानसंस्कार देण्याची पाळी आली.

पाहा काय झाले. दुराचारी फादरांनी योग्य शब्दांत दिलेला संस्कार खरा, आणि मनाने चांगल्या, लोकांवर प्रेम करणाऱ्या फादरांनी एक शब्द बदलून दिलेला संस्कार पोकळ! हे ऐकून कोणीही विचारील, देव काय व्याकरणाचा मास्तर आहे? एका सर्वनामावर तो कृपा अडवून धरील?

नाही, देव अडत नाही. ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे की, देवाने तारणाची वाट संस्कारांशी बांधली आहे, परंतु तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही. त्या हजारो लोकांनी जी प्रार्थना केली, जी श्रद्धा जगली, ती देवाने ऐकलीच नाही असे कोणी म्हणत नाही. बांधलेले आहोत ते आपण. आपल्या व्यवहारातला दाखला घ्या. तलाठी व्यसनी असला, म्हणून त्याने नियमाप्रमाणे केलेली सातबाऱ्याची नोंद खोटी होत नाही. परंतु दुसरा तलाठी निर्व्यसनी, देवभोळा आहे आणि त्याने आपल्या मनाने नोंदीची भाषा बदलून खातेदाराच्या नावाऐवजी 'हे सारे गावकरी' असे लिहिले, तर? त्याच्या सज्जनपणाचे कौतुक होईल, पण नोंद दुरुस्त करून घ्यावी लागेल. दाखला लंगडा आहे हे आम्हाला मान्य. कृपा म्हणजे काही जमिनीचा तुकडा नव्हे. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: नोंदवही तलाठ्याच्या मालकीची नाही.

त्या 'आम्ही' मागचा हेतू बहुधा प्रेमळच असावा. आईवडील, धर्ममातापिता, सारा समाज मिळून बाळाचे स्वागत करतो, ही भावना. या पानावर आम्हीही 'आम्ही' लिहितो आणि ते कोणाला खटकत नाही. परंतु स्नानकुंडापाशी 'मी' म्हणणारा फादर स्वतःला मोठे करीत नसतो. तो 'मी' त्याचा नसतोच. मिस्सेत अर्पणाच्या क्षणी धर्मगुरू 'माझे' शरीर असे म्हणतो, तेव्हा ते आपल्या फादरांचे शरीर असे कोणाला वाटते का? तेथे बोलतो तो ख्रिस्त. 'मी'च्या जागी 'आम्ही' घातले, की ख्रिस्त बाजूला सरतो आणि जमलेली मंडळी पुढे येते. मंडळी कितीही चांगली असली, तरी ती पाप धुऊ शकत नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने म्हणूनच बजावले आहे की, उपासनेत कोणीही, धर्मगुरू असला तरी, स्वतःच्या अधिकारात काही वाढवू, गाळू वा बदलू नये. आणि २०२४ च्या आरंभी रोमने संस्कारांच्या ग्राह्यतेवर खास टिपण काढून तेच पुन्हा सांगितले. 'फादर फार कडक, काही नवीन करीत नाहीत' अशी तक्रार कानी येते. सजावट नवीन करू, गायन नवीन करू. जे शब्द आमचे नाहीत, त्यांना मात्र हात लावणार नाही.

तर दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट समोर येते. संस्कार धर्मगुरूच्या मालकीचा नाही. त्याच्या पापाला तो बिघडविता येत नाही आणि त्याच्या चांगुलपणाला तो सुधारून घेता येत नाही.

येथे थांबलो असतो, तर तरुण मंडळींचा प्रश्न अर्धाच राहिला असता. कारण या शिकवणीचा दुरुपयोग होतो, आणि तो धर्मवर्तुळात होतो. 'संस्कार खरा आहे ना? मग फादर कसे वागतात याची तुम्हाला कशाला पंचाईत?' असे म्हणून लोकांची तोंडे बंद केली जातात. हा ऑगस्टिन यांचा अपमान आहे. ही शिकवण लोकांच्या रक्षणासाठी घडली, धर्मगुरूंना पाठीशी घालण्यासाठी नव्हे. ज्या थॉमस यांनी चांदीच्या आणि शिशाच्या नळाचा दाखला दिला, त्यांनीच त्याच्या पुढच्या प्रश्नात लिहून ठेवले आहे की, पापात राहून संस्कार देणारा धर्मगुरू ते देताना पाप करतो. लोकांना कृपा मिळते, त्याच्या पदरी दोष पडतो. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ९१६ वे कलम सांगते की, गंभीर पापाची जाणीव असलेल्या धर्मगुरूने आधी पापनिवेदन केल्याशिवाय मिस्सा अर्पू नये. गंभीर कारण असेल आणि पापनिवेदनाची संधीच नसेल, एवढाच अपवाद. दगडी पाटाचा दाखला आम्हा धर्मगुरूंना दिलासा देणारा मुळीच नाही. तीस-चाळीस वर्षे आपल्यावरून पाणी वाहत राहावे, दोन्ही बाजूंचे वाफे हिरवे व्हावेत आणि आपण मात्र दगडच राहावे, याहून भयंकर काय असेल?

आणि संस्कार खरा असला, तरी फादरांच्या वागण्याने फरक पडतो. पाटाला दुर्गंधी येऊ लागली, की पाणी शुद्ध असूनही माणसे ओंजळ पुढे करीत नाहीत. एखादे घर रविवारच्या मिस्सेला यायचे बंद होते, तेव्हा त्यांना तत्त्वज्ञान समजले नाही म्हणून नव्हे, तर बहुधा कोणीतरी त्यांच्याशी उर्मटपणे बोलले म्हणून. किंवा त्याहूनही वाईट काही घडले म्हणून.

त्या 'वाईट काही'विषयी स्पष्ट लिहितो. ज्या माणसाला एखाद्या धर्मगुरूने इजा केली, त्याला 'त्यांचा संस्कार खरा आहे' हे ऐकविणे म्हणजे जखमेवर मीठ होऊ शकते. अशा कोणालाही त्या हातून काही स्वीकारण्याचे बंधन नाही. दुसऱ्या फादरांकडे जा, दुसऱ्या चर्चमध्ये जा, त्यात पाप नाही. आणि गप्प बसण्याचेही बंधन नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरूंना आणि संघीयांना लैंगिक अत्याचाराची माहिती वरिष्ठांना देणे सक्तीचे केले, आणि तक्रार करणाऱ्यावर मौनाची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. बालकाचा प्रश्न असेल, तर आपल्या देशाचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. ज्याला माहिती आहे त्याने ती पोलिसांना देणे भागच आहे. त्यातून चर्चची बदनामी होईल असे कोणी म्हणाले, तर बदनामी गुन्ह्याने होते, तक्रारीने नव्हे, असे त्यांना आमच्या नावाने सांगा.

आणखी एक गोष्ट, थोडी हलकीफुलकी, परंतु आम्हाला महत्त्वाची वाटते. डोनाटिस्ट मंडळी कार्थेजमध्येच संपली असे नाही. आजचा डोनाटिस्ट तक्रार करीत नाही. तो मिस्सेच्या वेळापत्रकात फादरांचे नाव शोधतो. अमुक फादरांची मिस्सा म्हणजे मिस्सा, तमुक फादरांची असेल तर आज घरीच बरे! २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पडद्यावर मिस्सा पाहण्याची वेळ आली, तेव्हापासून ही निवड आणखी सोपी झाली आहे. चांगले प्रवचन आवडणे हा काही दोष नाही. चांगले प्रवचन करणे हे आमचे कर्तव्यच आहे आणि नुसते वाचून दाखविणाऱ्या फादरांना तुम्ही जरूर टोकावे. परंतु करिंथमध्ये काही लोक पौलाचे आणि काही अपुल्लोसचे म्हणून मिरवू लागले, तेव्हा पौलाला आनंद झाला नव्हता. तो संतापला होता. एखाद्या फादरांवर जीव जडला आणि पुढे त्यांची बदली झाली किंवा त्यांचे पाऊल घसरले, की अशा माणसाची सगळी श्रद्धाच त्यांच्याबरोबर निघून जाते. असे झालेले आम्ही पाहिले आहे.

या शिकवणीचे सर्वांत धाडसी रूप ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ९७६ व्या कलमात आहे. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कोणीही धर्मगुरू पापक्षमा देऊ शकतो. अधिकार काढून घेतलेला, सेवेतून दूर केलेला, धर्मगुरुपद सोडून संसार थाटलेलासुद्धा. दुसरे मान्यताप्राप्त फादर हजर असले, तरीही. ज्याला ख्रिस्तसभेने वेदीवर उभे राहण्यास मनाई केली, त्याच्याच तोंडून ती मरणाऱ्याला क्षमा ऐकू देते. त्या घटकेला तिला फादरांच्या अब्रूची फिकीर नसते, अंथरुणावरच्या माणसाची असते.

म्हणून एक विनंती. घरात कोणी अत्यवस्थ असेल, तर रात्र-अपरात्र न पाहता फोन करा. आम्ही बाहेरगावी असलो, तर शेजारच्या धर्मग्रामातील फादरांना बोलवा. ते ओळखीचे नाहीत, त्यांचे आणि आपले कधी पटले नव्हते, त्यांच्याविषयी काहीबाही ऐकले आहे, अशा कारणांसाठी अभ्यंग संस्कार सकाळवर ढकलू नका.